इंदूरहून घटस्फोटाचं समन्स आलंय, पण तुम्ही पुण्यात किंवा परदेशात आहात

इंदूरच्या रामबागेतल्या घरी समन्स आलं, आईने सही करून घेतलं आणि तुम्ही नोकरीनिमित्त बाहेर. ‘माझ्या हातात कुठे पडलंय?’ या भरवशावर राहू नका. सोबत राहणाऱ्या सज्ञान नातलगाने घेतलेलं समन्स पुष्कळदा बजावलेलं धरलं जातं. रजिस्टर पाकीट ‘घेण्यास नकार’ असा शेरा होऊन परत गेलं, तरी बजावणी झाली असं कोर्ट मानू शकतं.

आधी समन्सवरची तारीख आणि केस नंबर पाहा. सोबत याचिकेची प्रत नसेल तर वकिलामार्फत मागा. सोळा अक्षरी सीएनआर नंबर (केसचा ओळख क्रमांक) मिळाला की ई-कोर्ट्स अ‍ॅपवर पुढची पेशी, म्हणजे सुनावणीची तारीख, कळते. जबाबाला, म्हणजे याचिकेच्या लेखी उत्तराला, बजावणीपासून 30 दिवस. कारण पटलं तर कोर्ट 90 पर्यंत वाढवून देतं, पण त्यासाठी मुदत संपायच्या आत अर्ज द्या.

इंदूरमधला वकील नेमा आणि वकीलपत्र सही करून कुरिअर करा. कुटुंब न्यायालय कायदा 1984च्या कलम 13 प्रमाणे कुटुंब न्यायालयात वकील हा हक्क नाही, म्हणून वकीलपत्राबरोबर परवानगीचा अर्जही जोडायला सांगा. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन 15100.

परदेशात असाल तर मुखत्यारपत्र भारतीय वकिलातीत साक्षांकित करा, किंवा तिथल्या नोटरीकडून करून अपॉस्टिल (कागद दुसऱ्या देशात चालावा म्हणून मिळणारं सरकारी प्रमाणपत्र) घ्या. भारतात पोचल्यावर तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक लागतो, हे हमखास राहून जातं. मुखत्यार कागद दाखल करील, तारखा घेईल. पण नवरा-बायकोत काय घडलं याची साक्ष तुमच्या जागी देऊ शकणार नाही.

खरी मेहनत जबाबात आहे, आणि घोळही तिथेच होतो. ‘सर्व आरोप खोटे आहेत’ एवढं एक वाक्य पुरत नाही. याचिकेच्या प्रत्येक परिच्छेदाला त्याच क्रमांकाने उत्तर द्या: काय मान्य, काय अमान्य, आणि अमान्य असेल तर खरं काय घडलं. ‘2019च्या दिवाळीत घर सोडून गेली’ असं लिहिलं असेल, तर त्या दिवसांत कुठे होतात, कोण सोबत होतं ते लिहा. मोघम नकार हा कबुलीसारखा धरला जाऊ शकतो. जबाब हिंदीत लागेल, मराठी पत्रांना आणि मेसेजना हिंदी भाषांतर जोडा. मजकूर खरा असल्याच्या पडताळणीवर सही तुमचीच. प्रतिज्ञापत्र पुण्यातल्या नोटरीसमोर केलं तरी चालतं. पोटगीचा अर्ज असेल तर मालमत्ता आणि देणी यांचं वेगळं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. पगाराचा आकडा त्यात दडपू नका, बँकेचा उतारा समोरचा मागवतोच.

जबाबासोबतच व्हीसीने (व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने) हजर राहण्याचा अर्ज द्या. नोकरीचा दाखला, लहान मूल, आजारपण असं कारण कागदानिशी लावा. मंजुरी कोर्टाच्या मर्जीवर असते. समझोत्याच्या बैठकीत मात्र व्हीसीवर विसंबू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या 2017च्या संथिनी निकालाने व्हीसीचा मार्ग समझोता फसल्यानंतर, दोघांच्या संमतीने ठेवला आहे. त्या एका तारखेचं तिकीट काढून ठेवलेलं बरं.

तुमच्या गैरहजेरीत एकतर्फी हुकूम झालाच, तर रद्द करण्याचा अर्ज हुकमापासून 30 दिवसांत; समन्स नीट बजावलंच नसेल तर हुकूम कळल्यापासून 30. केस पुण्याला हलवायची असेल तर राज्य बदलत असल्याने अर्ज सर्वोच्च न्यायालयात जातो. नुसता अर्ज दिल्याने इंदूरची केस थांबत नाही. स्थगिती मिळेपर्यंत इथल्या प्रत्येक पेशीला वकील उभा असायला हवा.