मागचे शॉक-ॲब्सॉर्बर बदलताना खालचा बोल्ट सर्वांत शेवटी आवळा

छोट्या गाडीचे मागचे शॉक-ॲब्सॉर्बर घरी बदलल्यावर खालचे रबरी बुश (बोल्टभोवतीची रबरी कडी) लवकरच फाटून खडखड सुरू झाली, तर दोष बहुधा नव्या शॉकचा नसतो. चाक हवेत लोंबकळत असतानाच बोल्ट घट्ट आवळलेला असतो, त्यामुळे गाडी खाली आली की बुशचे रबर पिळलेलेच राहते.

गंजलेल्या नटांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. नवा शॉक बसवताना खालचा नट हाताने, फार तर टेकेपर्यंतच फिरवावा. मग ॲक्सलखाली (मागची दोन्ही चाके जोडणाऱ्या दांड्याखाली) लावलेला जॅक सावकाश वर न्यावा आणि गाडी तिला टेकू दिलेल्या स्टँडवरून उचलली जाण्याच्या बेतात आली की थांबावे. या वेळी स्प्रिंग जवळजवळ गाडीच्या वजनाइतकी दबलेली असते, म्हणून याच स्थितीत टॉर्क रेंचने (जोर मोजून आवळणाऱ्या पान्याने), गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाने, बोल्ट आवळावा. दोन मिनिटांचे काम आहे, पण घाईत नेमके हेच राहते.

मात्र जुना शॉक सोडवण्यापूर्वीच ॲक्सलला जॅकचा आधार द्यावा आणि एका वेळी एकच बाजू खोलावी, कारण आधाराविना ॲक्सल झटकन खाली येऊन स्प्रिंग निसटू शकते आणि ब्रेकच्या नळीवर ताण येतो.