बॅकअप आधी निवडा: स्कूबाचा टॉर्च घेताना या चुका टाळा

दिवाळी झाली की फोन सुरू होतात. कोणी घोडबंदर रोडवरून, कोणी वाशीहून, कोणी कळव्याहून. प्रश्न ठरलेला: "अंदमानला नाइट डाइव्ह करणार आहोत, टॉर्च किती लुमेनचा घेऊ?" बॅकअपचं, म्हणजे मुख्य टॉर्च विझला तर वापरायच्या राखीव टॉर्चचं, नाव क्वचितच निघतं, आणि निघालं तर "घरात एक छोटा आहे, तो चालेल ना?" एवढ्यापुरतंच.

मी प्रत्येकाला उलट क्रम सांगतो. आधी बॅकअप घ्या, चांगला घ्या. उरलेल्या पैशांत मुख्य टॉर्च बघा.

हे सांगण्यामागे एक रात्र आहे. अंदमानातल्या स्वराजद्वीपला (पूर्वीचं हॅवलॉक) 14 मीटर खोलीवर असताना माझा मुख्य टॉर्च दोनदा लुकलुकला आणि विझला. बडीचा, म्हणजे डाइव्हमधल्या जोडीदाराचा, उजेड दोन हातांवर होता, पण तो दुसरीकडे वळलेला. मला हवा किती उरली ते दाखवणारा स्वतःचा गेजसुद्धा दिसेना. बॅकअप छातीवरच्या उजव्या डी-रिंगला (डी आकाराच्या कडीला) स्नॅपने अडकवलेला होता, खालचं टोक रबराच्या लूपमध्ये. हात तिथे गेला, बटण दाबलं, उजेड आला. बडीला खूण केली, अंगठा वर दाखवला, म्हणजे 'वर जाऊ या', आणि दोघांनीही डाइव्ह तिथेच संपवली. मुख्य टॉर्च गेला की डाइव्ह संपली, हा नियम आम्ही बोटीवरच बोलून ठेवला होता.

ठाण्याला परतल्यावर मोरीत बसून तो टॉर्च उघडला. सेलच्या टोकाला हिरवट बुरशीसारखं साचलं होतं, स्प्रिंगवर मिठाचे पांढरे कण. आणि ओ-रिंगवर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कड्यावर, आडवा पडलेला एक धागा, पंचाचा असावा, नखाएवढा. पाण्याला तेवढी वाट पुरली.

लुमेनच्या आकड्यावर भाळणं

पावसाळ्यात माळशेज घाटात धुक्यात गाडीचा हाय बीम लावून बघितलाय? समोर पांढरी भिंत उभी राहते. मालवणच्या गढूळ पाण्यात रुंद झोताचा 3000 लुमेनचा दिवा नेमकं तेच करतो. पाण्यातला कण न् कण उजळतो आणि खडकाच्या कपारीत काय आहे ते दिसतच नाही. लुमेन म्हणजे एकूण उजेड. तो किती जागेत पसरलाय हे त्यातून कळत नाही. मुख्य टॉर्चचा झोत अरुंद हवा, साधारण 6 ते 12 अंशांचा. असा झोत पाणी चिरत जातो आणि खुणा करायलाही तोच उपयोगी: मोठं वर्तुळ म्हणजे ठीक, जोरजोरात आडवा हलवला म्हणजे अडचण. 120 अंशांचा व्हिडिओ लाइट शूटिंगसाठी उत्तम, पण मुख्य टॉर्च म्हणून घेऊ नका. त्याने केलेली खूण बडीला कळत नाही. साध्या नाइट डाइव्हला अरुंद झोताचे 1000 लुमेन मला भरपूर वाटतात. बॅकअपला 300 सुद्धा चालतात.

आणि सिंधुदुर्ग किल्ल्यामागे दिवसा पहिल्यांदाच उतरणार असाल, तर टॉर्च विकत घेण्याची गरजच नाही. ते पैसे कोर्ससाठी ठेवा.

जुना टॉर्च म्हणजे बॅकअप

सगळ्यात जास्त दिसणारी आणि मला सगळ्यात खुपणारी चूक हीच. नवा टॉर्च आला की जुना आपोआप बॅकअप होतो. त्याचा सील थकलेला, सेल अर्धमेला, स्विच कधी लागतो कधी नाही. ज्याच्यावर रोजचा विश्वास उरला नाही, त्याच्यावर अंधारात विसंबायचं कसं?

बॅकअपकडून माझ्या मागण्या थोड्या आहेत. एका हाताने लागला पाहिजे. पहिल्याच दाबाला पूर्ण उजेड आला पाहिजे. कमी-जास्त-स्ट्रोब अशा चार मोडमधून फिरवणारं बटण बॅकअपला नको. घाबरलेल्या माणसाला चार वेळा मोजून दाबता येत नाही. आकार बीसीडीच्या (डाइव्हच्या हवा भरायच्या जॅकेटच्या) पट्ट्यावर सपाट बसेल इतका. खिशात ठेवलेला बॅकअप मी धरतच नाही, कारण ग्लोव्ह घातलेल्या हाताने चेन शोधावी लागते.

डोकं पिळून लागणारे टॉर्च स्वस्त आणि दणकट असतात, पण त्यांची एक खोड माहीत हवी. बंद करताना डोकं थोडंसंच सैल केलं, तर खाली पाण्याच्या दाबाने ते आत सरकतं आणि टॉर्च आपोआप लागतो. तो लागू नये म्हणून जास्त सैल केलं, तर पाणी आत. नेमके किती आटे फिरवायचे हे घरीच ठरवून घ्या.

सेलचाही विचार करा. संरक्षक सर्किट असलेला लिथियम सेल संपला की बहुतेकदा एकदम अंधार होतो. साध्या अल्कलाइन सेलवरचा बॅकअप हळूहळू मंद होत जातो आणि तुम्हाला वेळ देतो. म्हणून माझ्या बॅकअपमध्ये आजही अल्कलाइन सेलच असतात, तिन्ही एकाच पाकिटातले.

गुहेत डायव्हिंग करणारे एक मुख्य आणि दोन बॅकअप असे तीन दिवे नेतात. नाइट डाइव्हला प्रत्येकाकडे दोन, हे किमान. बडीचा टॉर्च तुमचा बॅकअप होत नाही.

खोक्यावरचे तास आणि मीटर

"10 तास चालतो" याचा अर्थ 10 तास तेवढाच उजेड, असा नाही. एफएल-1 या टॉर्चसाठीच्या प्रचलित मानकात उजेड सुरुवातीच्या 10 टक्क्यांवर येईपर्यंतचा वेळ मोजतात. 18650 आकाराच्या सेलवर 9900 एमएएच (सेलची क्षमता) लिहिलेलं दिसलं तर तो घेऊ नका; या आकारात चांगल्यात चांगला सेल 3500 च्या आसपास जातो. पाण्यात बुडवलं तरी चालतं असं सांगणाऱ्या आयपीएक्स-8 या शिक्क्यावरही डाइव्हला जाऊ नका, खोली मीटरमध्ये स्पष्ट लिहिलेली हवी.

खरा आकडा घरच्या बादलीत मिळतो. दिवा पूर्ण चार्ज करा, मोरीत पाण्याने भरलेल्या बादलीत बुडवा, फुल पॉवरवर लावा आणि घड्याळ बघा. पाण्याबाहेर ही चाचणी करू नका, मोठे दिवे हवेत तापतात. त्याआधी सेल काढून, आत टिश्यूचा तुकडा ठेवून टॉर्च तासभर बुडवा. टिश्यू ओला निघाला तर सील गळतोय. गळती बऱ्याचदा उथळ पाण्यातच होते. खाली दाबाने ओ-रिंग उलट घट्ट बसते.

ओ-रिंगसाठी सिलिकॉन ग्रीसच वापरा, व्हॅसलीन नको. रबर फक्त चमकेल इतकंच लावा, थापलेल्या ग्रीसला तारकर्लीची वाळू चिकटते. खोबणीवरून बोट फिरवा, मग मोबाइलच्या उजेडात बघा. पावसाळ्यात मालवणचं डायव्हिंग बंद असतं, तेव्हा सेल बाहेर काढून ठेवा. ठाण्याच्या जुलैमधल्या दमटपणात आत राहिलेला अल्कलाइन सेल गळू शकतो.

विमानाने जाताना सुटे लिथियम सेल हँडबॅगेतच, टोकांना चिकटपट्टी लावून. चेक-इन बॅगेत ते चालत नाहीत.

बिघाड झाला तर

लुकलुकत असेल तर आधी सेलची टोकं आणि स्प्रिंग खोडरबराने पुसा. दहा मिनिटांत मंदावत असेल तर सेल थकलाय किंवा दिवा तापून स्वतः पॉवर कमी करतोय. पाण्यातही तसंच झालं तर सेल बदला. काचेच्या आत वाफ दिसली तर त्या दिवशी तो टॉर्च बोटीवर ठेवा.

आत पाणी शिरलंय असं वाटलं तर घाईने उघडू नका. मिठाच्या पाण्यात सेलमधून वायू सुटतो आणि आत दाब साठतो. टोपण स्वतःच्या आणि दुसऱ्याच्या तोंडापासून दूर धरा, एकेक आटा हळू सोडा, फुस्स आवाज थांबू द्या. नंतर टॉर्च गोड्या पाण्याने धुऊन उघडाच सावलीत वाळवा. मिठाचं पाणी लागलेला लिथियम सेल वरून कोरडा दिसला तरी पुन्हा चार्जरला लावू नका, ई-कचऱ्यात द्या.