सरकारी मालमत्ता कवडीमोलाने विकली म्हणता? मग संसदेपर्यंत माग असा काढा

लेखापरीक्षणाच्या नोकरीत माझी बरीच वर्षं सरकारी उपक्रमांच्या फायली वाचण्यात गेली. निवृत्त झाल्यापासून कार्यकर्ते, तरुण पत्रकार, कधी एखाद्या खासदाराच्या कार्यालयात काम करणारी मुलं माझ्याकडे येतात. सगळ्यांचा प्रश्न एकच असतो: अमुक मालमत्ता कवडीमोलाने विकली, यात पैसे खाल्लेत, हे संसदेत कसं न्यायचं? हातात एक बातमी असते, एका पुढाऱ्याचं नाव असतं आणि पोटात संताप असतो. संताप रास्तच आहे, कारण विकलेली वस्तू आपल्या सगळ्यांची होती. पण नुसत्या नावाने संसदेतलं कुठलंच चक्र फिरत नाही. ते फिरतं किमतीच्या हिशेबाने आणि तारखांनी.

आधी मालक कोण ते पक्कं करा. मिळकत पत्रिका (शहरातल्या जागेचा मालकीचा उतारा) किंवा सातबारा काढा. जमीन रेल्वेची, केंद्राच्या बंदराची, संरक्षण खात्याची किंवा केंद्राच्या एखाद्या उपक्रमाची असेल तरच संसद. सिडको, म्हाडा, एमआयडीसी यांची असेल तर रस्ता विधिमंडळाचा आहे, तिथे सरकारी खर्चाचा हिशेब तपासणारी लोकलेखा समितीही वेगळी आणि खासदारांऐवजी आमदार. केंद्र सरकारशी मुख्यतः संबंध नसलेला प्रश्न लोकसभेत स्वीकारलाच जात नाही. हे न बघता पाठवलेली निवेदनं मी वर्षानुवर्षं धूळ खात पडलेली पाहिली आहेत.

दुसरी गोष्ट, आणि इथेच बहुतेकांचं गाडं अडतं. "हे विकायलाच नको होतं" हे तुमचं मत असेल तर ते सभेत, लेखात, मतदानात मांडा. संसदेची सार्वजनिक उपक्रम समिती सरकारी कंपन्यांचे व्यवहार तपासते, पण तिला सरकारच्या मोठ्या धोरणांची तपासणी करायचा अधिकारच नाही. विकायचं की नाही हे धोरण झालं. पण विकायचं ठरल्यावर कसं विकलं, किंमत कोणी ठरवली, किती जणांनी बोली लावली, अटी मधेच कोणी बदलल्या, हे सगळं तपासणीच्या कक्षेत येतं. म्हणून तक्रारीतून "का विकलं" काढून टाका आणि "कसं विकलं" तेवढं ठेवा. तुमची अर्धी लढाई तिथेच सोपी होते.

आता किंमत. इथे घाई करू नका.

लिलावात एक राखीव किंमत असते, आपल्याकडे कचेरीत तिला 'हातची किंमत' म्हणतात. तिच्या खाली विकायचं नाही असा तिचा अर्थ. गैरव्यवहार झाला असेल तर तो बऱ्याचदा लिलावाच्या दिवशी होत नाही. तो आधीच, ही किंमत ठरताना झालेला असतो. म्हणून मूल्यांकनाचा अहवाल मिळवा आणि त्यावर तीन गोष्टी बघा. मूल्यांकन कोणत्या तारखेच्या भावाने केलं? विक्री त्यानंतर किती महिन्यांनी झाली? आणि क्षेत्रफळ किती धरलं? मिळकत पत्रिकेवरचे चौरस मीटर आणि विक्रीच्या कागदावरचे चौरस मीटर शेजारी शेजारी लिहा. "अतिक्रमणाखालील भाग वगळून" असं एखादं वाक्य आत दडलेलं असतं. मग वगळलेला भाग शेवटी कोणाच्या ताब्यात गेला, हा पहिला प्रश्न.

मालमत्ता महाराष्ट्रात असेल आणि खरेदीखत नोंदवलेलं असेल तर सूची क्रमांक दोन (इंडेक्स टू, म्हणजे नोंदवलेल्या व्यवहाराचा सारांश) काढा. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर शोधता येते. तिच्यात मोबदला आणि बाजारभाव असे दोन वेगळे आकडे असतात. त्यांच्यातली तफावत डोळ्यात भरण्याइतकी असेल तर खूण करून ठेवा. तेवढ्यावर थांबू नका, त्याच मिळकतीची पुढची विक्रीही शोधा. २००२ मध्ये हॉटेल कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने, म्हणजे तेव्हा सरकारी असलेल्या एअर इंडियाच्या उपकंपनीने, मुंबई विमानतळाजवळचं सेंटॉर हॉटेल ८३ कोटी रुपयांना विकलं. घेणाऱ्याने काही महिन्यांतच ते ११५ कोटींना सहारा समूहाला विकलं आणि संसदेत गदारोळ झाला. अशा वेळी नेमका प्रश्न हा: करारात पुनर्विक्रीवर काही काळ बंदी घालणारी अट होती का, आणि नसेल तर ती घालण्याचा विचार फाइलवर कुठे झाला होता का?

कमी किंमत म्हणजे लाचच, असं मात्र लिहू नका. उदयपूरचं लक्ष्मी विलास पॅलेस हॉटेल २००२ मध्ये ७.५२ कोटींना विकलं गेलं. सीबीआयने २०१४ मध्ये गुन्हा नोंदवला, २०१९ मध्ये पुरावा नाही म्हणून तपास बंद करण्याचा अहवाल दिला, २०२० मध्ये जोधपूरच्या विशेष न्यायालयाने तो अहवाल नाकारला आणि उच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली. मूल्यांकनाची पद्धत बदलली की आकडा कित्येक पटींनी बदलतो. चालू धंद्याच्या उत्पन्नावरून काढलेली हॉटेलची किंमत आणि त्याखालच्या जमिनीची किंमत यांत जमीन-अस्मानाचा फरक पडू शकतो. तेव्हा विचारायचं ते इतकंच: ही पद्धत का निवडली, आणि जमिनीचं मूल्य कुठल्या कागदावर धरलंय?

उलटंही होतं. आकडा मोठा दिसतो म्हणून सगळे गप्प बसतात. २००५ मध्ये राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाने गिरण्यांच्या जमिनी लिलावात काढल्या तेव्हा मुंबई टेक्स्टाइल मिलचे ७०२ कोटी आले. पण गिरणगावाचा खरा प्रश्न त्याआधी, नियमात होता. मुंबईच्या बांधकामांना लागू असलेल्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ व्या नियमाने गिरणीच्या जमिनीचा साधारण तिसरा हिस्सा मोकळ्या जागेसाठी आणि तिसरा हिस्सा म्हाडाच्या घरांसाठी सुटणार होता. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी फक्त रिकाम्या जमिनीपुरती उरली, बांधकामाखालची जमीन बाहेर गेली. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २००६ मध्ये ती दुरुस्ती वैध ठरवली, त्यामुळे इथे बेकायदा काही झालं असं मी म्हणत नाही. सांगायचं एवढंच की विक्रीच्या आधीच्या चार-पाच वर्षांतल्या अधिसूचना वाचल्याशिवाय किमतीवर बोलू नका.

कागद मिळवण्यासाठी माहितीचा अधिकार आहेच. दहा रुपये शुल्क, तीस दिवसांत उत्तर. पण "सर्व कागदपत्रांच्या प्रती द्या" असं मागू नका. फाइलचं निरीक्षण मागा. केंद्राच्या नियमांनुसार पहिला तास फुकट, पुढच्या प्रत्येक तासाला पाच रुपये. समोर बसून पानं उलटताना जे दिसतं ते प्रतींच्या गठ्ठ्यात दिसत नाही. टिपणीची पानं सावकाश वाचा. एका कनिष्ठ अधिकाऱ्याने लिहिलेलं असतं: प्रस्तावित किंमत प्रचलित दरापेक्षा कमी आहे, फेरमूल्यांकन करावे. वरच्याने समासात दोनच शब्द लिहिलेले असतात, "चर्चा करावी". आणि पुढच्या टिपणीची सुरुवात होते "चर्चेनुसार सुधारित प्रस्ताव सादर". त्यात फेरमूल्यांकनाचा उल्लेखही नसतो. चर्चेत काय झालं ते कुठेच लिहिलेलं नसतं. पाणी मुरतं ते इथे. त्या पानांचे क्रमांक आणि तारखा लिहून घ्या, आणि तेवढ्याच पानांच्या प्रती मागा. तो आक्षेप लिहिणाऱ्या कनिष्ठाचं नाव मात्र जाहीर करू नका. त्याने धाडस करून कागदावर खूण ठेवली आहे, त्याची नोकरी अजून चालू असते.

"व्यापारी गोपनीयता" म्हणून माहिती नाकारली तर पहिलं अपील करा आणि त्यात व्यापक जनहिताचा मुद्दा घाला. कायद्यात तशी सोय आहे. मंत्रिमंडळाचे कागदही निर्णय होऊन विषय संपल्यावर खुले करायचे असतात.

आता खासदारामार्फत संसदेत विचारायचा प्रश्न. मला भेटणाऱ्या मुलांचा मसुदा साधारण असा असतो: "अमुक कंपनीला जमीन कवडीमोलाने देऊन मोठा भ्रष्टाचार झाला, हे खरे आहे काय?" याला उत्तर येतं "नाही", आणि पुढच्या सगळ्या भागांना "प्रश्न उद्भवत नाही". एक संधी वाया गेली. शिवाय आरोप, युक्तिवाद किंवा न्यायप्रविष्ट बाब असलेला प्रश्न नियमांतच बसत नाही, आणि दीडशे शब्दांची मर्यादा आहे. असा लिहा:

(अ) अमुक मालमत्तेची राखीव किंमत कोणत्या तारखेच्या मूल्यांकनावर निश्चित केली. (आ) ते मूल्यांकन कोणी केले व त्यात जमिनीचे क्षेत्र किती धरले. (इ) किती निविदा आल्या व त्यांपैकी किती पात्र ठरल्या. (ई) निविदा प्रसिद्ध झाल्यानंतर अटींत बदल केला असल्यास तो कोणत्या तारखेला व कोणाच्या मंजुरीने.

यातल्या एकालाही "नाही" म्हणून हात झटकता येत नाहीत. लोकसभेत दिवसाला वीसच तारांकित (सभागृहात तोंडी उत्तराचे) प्रश्न असतात आणि सोडतीत नंबर लागावा लागतो, अतारांकित (फक्त लेखी उत्तराचे) मात्र २३० पर्यंत घेतले जातात. माझा सल्ला असा की आधी अतारांकित प्रश्नाने लेखी आकडे घ्या, मग पुढच्या अधिवेशनात त्या आकड्यांवर तारांकित लावा. तारांकितात खासदाराला उभं राहून पूरक प्रश्न विचारता येतो, म्हणून त्यांना आदल्या दिवशी एका पानाची टिपणी द्या. दहा पानं कोणी वाचत नाही. सूचना किमान पंधरा पूर्ण दिवस आधी द्यावी लागते, तेव्हा अधिवेशनाची तारीख जाहीर झाली की लगेच हालचाल करा.

उत्तरात "माहिती गोळा केली जात असून पटलावर ठेवली जाईल" (म्हणजे सभागृहात सादर केली जाईल) असं आलं तर निराश होऊ नका. त्या वाक्याचं आश्वासन होतं. ते तीन महिन्यांत पुरं करावं लागतं आणि त्यावर शासकीय आश्वासन समितीची नजर असते. मुदत उलटली की खासदारांमार्फत त्या समितीला पत्र पाठवा. घोंगडं भिजत ठेवण्याची सवय मोडायचा हाच एक नेटका मार्ग मला माहीत आहे.

दरम्यान कॅगकडेही, म्हणजे सरकारी हिशेब तपासणाऱ्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांकडेही, लिहा. आमच्याकडे येणारी बहुतेक पत्रं "चौकशी करा" एवढंच सांगायची, त्यांचं काही करता येत नसे. ज्या पत्रात फाइल क्रमांक, दोन तारखा आणि दोन आकडे असत, ते पुढच्या तपासणीच्या वेळी सोबत नेलं जायचं. लेखापरीक्षकाचा आक्षेप आधी अर्धसमास पत्रावर (अर्धं पान उत्तरासाठी मोकळं ठेवलेल्या पत्रावर) उपक्रमाकडे जातो. उत्तराने समाधान झालं नाही आणि रक्कम मोठी असली तर अहवालात घालायचा मसुदा परिच्छेद बनून मंत्रालयाकडे जातो, त्यांना उत्तराला सहा आठवडे असतात. मग अहवाल राष्ट्रपतींना सादर होऊन संविधानाच्या १५१ व्या अनुच्छेदाप्रमाणे संसदेपुढे येतो. याला वेळ लागतो, तो लागू द्या. उपक्रमाची बाजू ऐकूनही टिकलेला परिच्छेद वर्तमानपत्रातल्या दहा आरोपांपेक्षा जड असतो.

अहवाल पटलावर आला की तो दोनपैकी एका समितीकडे जातो: खात्यांचा असेल तर लोकलेखा, उपक्रमांचा असेल तर सार्वजनिक उपक्रम समिती. दोन्हीत २२ सदस्य, १५ लोकसभेचे आणि ७ राज्यसभेचे, आणि मंत्री एकही नाही. १९६७ पासून लोकलेखा समितीचं अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. समिती प्रत्येक परिच्छेद घेत नाही, निवडते. म्हणून तुमचा परिच्छेद क्रमांक सदस्यांपर्यंत पोहोचवा, पक्ष न बघता. साक्षीला सचिव येतात, आणि तिथे "चर्चेनुसार" या शब्दाचा खुलासा त्यांना करावा लागतो. ती साक्ष अहवाल सादर होईपर्यंत गोपनीय असते. कुणी तुम्हाला आतलं सांगितलं तरी छापू नका, तो संसदेच्या विशेषाधिकाराचा भंग ठरू शकतो आणि सगळी मेहनत वादात वाहून जाते.

समितीने निवडलेला नसेल तरी मंत्रालयाला त्या परिच्छेदावर चार महिन्यांत कार्यवाहीची टिपणी द्यावी लागते. समितीने स्वतः अहवाल दिला तर सरकारला सहा महिन्यांत उत्तर द्यायचं असतं. त्यानंतर समिती दुसरा अहवाल काढते, कार्यवाही अहवाल, आणि बातमीदार सहसा तो उघडतही नाहीत. तुम्ही उघडा. संसदेच्या संकेतस्थळावर मिळतो. त्या अहवालाच्या दुसऱ्या प्रकरणात सरकारने मान्य केलेल्या शिफारशी असतात, तिसऱ्यात समितीने सोडून दिलेल्या. चौथ्यात ज्यांचं उत्तर समितीने नाकारलं त्या, आणि पाचव्यात ज्यांना सरकारने अजून अंतरिमच उत्तर दिलंय त्या. तुमची मालमत्ता चौथ्या किंवा पाचव्या प्रकरणात सापडली तर शिफारशीचा क्रमांक टिपून घ्या, आणि पुढच्या अधिवेशनाचा अतारांकित प्रश्न त्या क्रमांकावरच लावा: अमुक अहवालातील अमुक शिफारशीवर आजतागायत काय कार्यवाही केली, वसुली किती झाली, जबाबदारी कोणावर निश्चित केली.