जगावेगळ्या काडतुसाची रायफल घ्यायच्या आधी काय काय बघावं

हरभऱ्याला घाटे धरायला लागले की गावागावात बंदुकीचा विषय निघतो. रोह्यांचा कळप एका रात्रीत अख्खं रान तुडवून जातो, रानडुकरं भुईमुगाच्या ओळीच्या ओळी उकरतात, आणि ज्यांच्याकडं पीक रक्षणाचा परवाना आहे ते बारा बोअर (छऱ्यांची बंदूक) सोडून रायफल बघायला लागतात. मंग कुणीतरी सांगतं की अमक्या वाड्यावर निजामाच्या काळातली एक रायफल आहे, मालक परवान्यावर चढवून द्यायला तयार आहेत, लाकूड बघितलं तर डोळे फिरतील, किंमत पण कमीच, फक्त काडतूस जरा वेगळं लागतं.

माझं म्हणणं एवढंच की आधी काडतूस बघा आणि मंग रायफल बघा. उलटं केलं की लई पैसा अडकतो, आणि कधी कधी जिवावर पण बेततं.

वाइल्डकॅट काडतूस म्हणजे असं काडतूस जे कुठलीच कंपनी तयार विकत नाही. एखादा बंदूक कारागीर चालू काडतुसाचं पितळी केस (दारू आणि गोळी धरणारं नळकांडं) घेतो, त्याची मान, म्हणजे गोळी बसते तो भाग, लहान किंवा मोठी करतो, खांदा, म्हणजे मानेखालचा उतरता भाग, मागंपुढं सरकवतो, आणि त्याच मापाचं चेंबर (नळीतली काडतूस बसायची जागा) रायफलीत कापून घेतो. अमेरिकेत हे वेड लई जुनं आहे. .३५ व्हेलन नावाचं काडतूस १९२२ मधे .३०-०६ या चालू काडतुसाची मान मोठी करून बनवलं, पण रेमिंग्टन कंपनीनं ते अधिकृत करून विकायला घेतलं थेट १९८८ ला. .२५-०६ तसंच, वर्षानुवर्षं कारागिरांच्या दुकानात फिरत राहिलं आणि १९६९ ला कंपनीत आलं. .२२-२५० ला १९६५ उजाडावं लागलं. पी. ओ. ॲक्ली नावाचा अमेरिकन कारागीर तर यातला मोठा माणूस, त्यानं चालू काडतुसांचा खांदा ४० अंशांपर्यंत उभा करून आणि बाजूचा उतार कमी करून त्यात जास्त दारू बसवायची पद्धत रुजवली. हे काम खरंच हुशारीचं आहे, मला त्याबद्दल मनापासून आदर आहे. पण हे सगळं त्या देशात चालतं कारण तिथं माणूस घरी टेबलावर आपली काडतुसं आपणच भरतो. आपल्याकडं तसं नाही, आणि सगळा फरक इथंच पडतो.

आपल्याकडं आर्म्स ॲक्ट १९५९ आहे. त्यात परवान्याशिवाय काडतूस बनवता येत नाही, आणि दारूगोळ्याच्या व्याख्येत काडतुसाचे भाग आणि ते बनवायची यंत्रसामग्री सुद्धा येते. म्हणजे रायफलीसोबत कुणी तुम्हाला डाय, प्रेस (काडतूस भरायची साधनं), मोकळी बुलेट असं सगळं पोत्यात घालून देत असंल तर ते फुकट मिळालं म्हणून आणू नका, ते तुमच्या परवान्यात बसत नाही. परदेशातून मागवायचं म्हणाल तर ती सवलत नामांकित नेमबाजांसाठी आहे, शेतकऱ्याच्या पीक रक्षणाच्या परवान्यावर ते होत नाही. मंग उरलं काय, तर दुकान. दुकानात रायफलीचं म्हणून खात्रीनं मिळण्यासारखं म्हणजे .३१५, नाहीतर .३०-०६, कारण या दोन्ही बोअरच्या (म्हणजे नळीच्या मापाच्या) रायफली ईशापूरच्या सरकारी कारखान्यात बनतात आणि काडतुसं पण देशातच बनतात. .३१५ ला जुने लोक आठ एमएम म्हणतात, ते मुळात ८×५० आर मान्लिखर. इंग्रजांच्या काळात लष्करी बोअर लोकांच्या हातात जाऊ नये म्हणून .३०३ वर बंधनं होती, त्यामुळं ली-एनफिल्ड या लष्करी रायफलीच्याच ॲक्शनवर (काडतूस भरायच्या आणि उडवायच्या यंत्रणेवर) हे .३१५ बोअर चाललं, आणि आजही गावात रायफल म्हणलं की बहुतेक तीच असते.

तर पहिलं काम, रायफल बघायला जायच्या आधी नांदेड, लातूर, संभाजीनगर जिथं तुमचा नेहमीचा आर्म्स डीलर असंल त्याला विचारायचं की या बोअरचं काडतूस गेल्या वर्षभरात तुम्ही विकलंय का. "मागवून देतो" हे उत्तर धरायचं नाही. विकलंय का, स्टॉकला आहे का, बिल फाडून देता का. तीनही उत्तरं हो आली तर पुढं जायचं, नाहीतर तिथंच थांबायचं. मालक म्हणतात सोबत चाळीस-पन्नास जुनी काडतुसं आहेत, तेवढी पुरतील. नाही पुरत. एक तर ती तुमच्या परवान्यावर रीतसर चढली पाहिजेत, दुसरं म्हणजे पन्नास-साठ वर्षं पत्र्याच्या पेटीत आपल्या उन्हाळ्यात पडलेली दारू काय झाली असंल ते बाहेरून दिसत नाही, पितळ ठिसूळ होऊन मानेला चिरतं, आणि जुन्या प्रायमरचे (काडतुसाच्या बुडातल्या ठिणगी देणाऱ्या टोपीचे) क्षार नळी खातात. बार वाजला नाही तर लगेच बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा) उघडायचा नाही हे सगळ्यांना माहीत आहे पण ऐन वेळी विसरतंय, म्हणून सांगतो, तोंड सुरक्षित दिशेला धरून निदान मिनिटभर थांबायचं.

आता दुसरी गोष्ट, ती रायफल खरंच वाइल्डकॅट आहे का नुसतीच जुनी आहे हे ओळखणं. आपल्या भागात हे महत्त्वाचं, कारण हैदराबाद संस्थानातल्या जहागीरदार, देशमुख मंडळींकडं विलायती रायफली आल्या त्या एका मापाच्या नव्हत्या. १९०७ च्या सुमारास इंग्रजांनी हिंदुस्थानात .४५० बोअरवर बंदी घातली, मंग विलायतच्या बंदूकवाल्यांनी त्याच्या आजूबाजूची मापं काढली, .४७० हे त्यातलंच सगळ्यात नावाजलेलं. शिवाय .३१८ वेस्टली रिचर्ड्स, .२७५ रिग्बी अशी ज्या त्या दुकानाची स्वतःची काडतुसं होती. यातली काही नावालाच वेगळी, .२७५ रिग्बी म्हणजे ७×५७ माउजरच. ही सगळी दुर्मिळ आहेत पण वाइल्डकॅट नाहीत, त्यांची मापं छापील आहेत. वाइल्डकॅटचं तसं नसतं. एकाच नावाच्या दोन रायफली दोन कारागिरांनी कापल्या असतील तर एकीचं काडतूस दुसरीत बसंलच असं नाही, कारण चेंबर कापायचं हत्यार ज्याचं त्याचं वेगळं.

नळीवरचे शिक्के वाचा. विलायती नळीवर लंडन किंवा बर्मिंगहॅमचा प्रूफ मार्क (नळीची चाचणी झाल्याचा शिक्का) असतो, बऱ्याच जुन्या नळ्यांवर किती ग्रेन (वजनाचं माप) कॉर्डाइट, म्हणजे त्या काळची बंदुकीची दारू, आणि किती वजनाची गोळी ते पण कोरलेलं असतं. जर्मन नळीवर प्रूफची तारीख आकड्यात मिळते. शिक्के खरवडलेले, घासलेले, किंवा एकावर एक मारलेले दिसले की समजायचं नळीला नंतर कुणीतरी हात लावलाय. काडतुसाच्या बुडावरच्या अक्षरांवर मात्र अजिबात भरवसा ठेवू नका, हे मी जरा जोर देऊन सांगतो. वाइल्डकॅटच्या केसवर मूळ काडतुसाचं नाव असतं. बुडावर .३०-०६ लिहिलेलं आणि मान भलत्याच मापाची, असं असतं. ते वाचून कुणी दुकानातनं .३०-०६ आणलं आणि .३५ व्हेलनच्या चेंबरमधे सरकवलं तर ते आत जाईल, बोल्ट पण बंद होईल, आणि बार काढल्यावर लहान गोळी मोठ्या नळीत आणि केसला मानेपाशी आधारच नाही. केस फाटून गॅस मागं आला तर डोळा जातो.

म्हणून अशा रायफलीचं चेंबर कास्टिंग करून घ्यायचं. परवानाधारक गनस्मिथकडं कमी तापमानाला वितळणारा एक मिश्रधातू असतो, तो चेंबरमधे ओतून थंड झाला की आतला साचा बाहेर निघतो आणि कॅलिपरनं प्रत्येक माप घेता येतं. नळीतून शिशाची गोळी ढकलून खाचांचं माप पण घेतात. हे दोन आकडे कागदावर आल्याशिवाय एक रुपया पण ॲडव्हान्स देऊ नका. त्याच वेळी हेडस्पेस, म्हणजे बोल्ट बंद झाल्यावर काडतुसाला आत किती जागा राहते ते, तपासून घ्या, बोल्टवरचा नंबर आणि रायफलीचा नंबर एकच आहे का बघा, बोल्टच्या लग्सवर (बोल्ट अडकवून धरणाऱ्या दातांवर) चीर आहे का बघा, आणि दस्त्याला टँगच्या (लाकडात बसणाऱ्या मागच्या लोखंडी पट्टीच्या) मागं बारीक भेग आहे का ते भिंगानं बघा, आपल्या कोरड्या हवेत जुनं अक्रोडाचं लाकूड तिथंच उकलतं. नळी आतून चकाकते म्हणून चांगली असं नाही, चेंबरच्या लगेच पुढचा भाग खाल्लेला असतो तो नुसता उजेडात धरून दिसत नाही.

आता कुणी म्हणंल की वाइल्डकॅटचा जोर जास्त असतो. असतो, पण किती. अंदाजाचा जुना हिशोब असा की केसमधली जागा जेवढी वाढते त्याच्या साधारण चौथ्या हिश्श्यानं वेग वाढतो, म्हणजे जागा आठ टक्के वाढली तर वेग दोनच टक्के. तुरीच्या रानात ऐंशी-शंभर मीटरवर उभ्या रोह्याला या दोन टक्क्यांनी काहीच फरक पडत नाही. मोकळ्या माळावर दूरच्या निशाणावर नेम धरणाऱ्याला पडत असंल, त्याची गोष्ट वेगळी. उलट जोर जास्त म्हणजे गोळी पुढं जास्त जाणार, आणि गोदावरीच्या काठची आपली जमीन सपाट. मागं टेकडी नाही, बांध नाही, आणि रायफलची गोळी काही किलोमीटर सहज जाते. पलीकडच्या शिवारात कुणी रात्री पाणी द्यायला थांबलेलं असतं. जमिनीवर उभं राहून आडवा बार रायफलनं काढायचाच नाही, माचाणावरून खाली मारायचं, म्हणजे गोळी मातीत जाते.

परवान्याचं पण नीट समजून घ्या. तुमच्या परवान्यावर बोअर लिहिलेलं असतं, आणि रायफलीचं खरं चेंबर वेगळं निघालं तर नोंद खोटी ठरते, मंग पोलीस पडताळणीत किंवा नूतनीकरणाला त्रास तुम्हालाच. .३०३ किंवा ७.६२ सारखं लष्करी काडतूस ज्यात चालतं ते प्रतिबंधित बोअर, त्यातून मान बदलून केलेल्या रायफलीचं चेंबर परत मूळ मापाचं करून घेऊ म्हणलं तर थेट गुन्ह्यात जाल. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच हत्यारं ठेवता येतात आणि वारसाहक्कानं आलेलं पण त्यातच मोजतात, म्हणून ज्या दोन जागा आहेत त्यातली एक अशा रायफलीला द्यायची का याचा विचार घरात बसून करा.

आणि रायफल हातात आली म्हणजे रोही मारायची मोकळीक मिळाली असं अजिबात नाही. शिकार १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं बंद आहे. पीक नासवणाऱ्या जनावरासाठी कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी लेखी, कारणासहित परवानगी देतो, सुरुवात तुमच्या वनपरिक्षेत्र कार्यालयातून करायची. तो कागद खिशात नसंल तर बार काढायचा नाही. मेलेलं जनावर सरकारी मालमत्ता, त्याला हात लावायचा नाही, लगेच कळवायचं. काळवीट तर पहिल्या अनुसूचीत आहे, पिकाच्या नुकसानीसाठी त्याला मारायची परवानगी मिळतच नाही, आणि रात्री बॅटरीच्या उजेडात रोह्याचं पिल्लू आणि काळवीटाची मादी यात चूक होते. खात्री नसंल तर बोट खटक्याबाहेर. नुकसान भरपाईचा अर्ज आणि पंचनामा मात्र बंदूक असो नसो, लगेच करून घ्या.

ज्यांच्या घरात अशी रायफल वारसानं आलीय त्यांचं थोडं वेगळं आहे. मूळ परवानाधारक वारले असतील तर हत्यार घरात ठेवून बसू नका, उशीर न करता पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक डीलरकडं जमा करून पावती घ्या, आणि मंग वारस म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करा, शहरात आयुक्तालय असंल तर पोलीस आयुक्तांकडं. भाऊ-बहिणींची ना हरकत पत्रं आधीच जमवा, नंतर वाटणीच्या भांडणात ती मिळत नाहीत. आजोबा हयात असतील, सत्तरी ओलांडलेली असंल किंवा परवाना पंचवीस वर्षांचा झाला असंल, तर त्यांच्या हयातीतच वारसाच्या नावावर करून घेता येतं, तेच सगळ्यात सोपं. काडतूस मिळत नसंल तरी रायफल परवान्यावर ठेवता येते, तेल लावून, कोरड्या कपाटात, बोल्ट वेगळा कुलपात. चामड्याच्या म्यानात घालून ठेवू नका, पावसाळ्यात चामडं ओल धरतं आणि जिथं टेकतं तिथं नळीला गंज चढतो.