पोरीचं काहीतरी बिनसलंय असं वाटलं, तर

नव्याने लागलेल्या सहकाऱ्यांसाठी लिहितेय. मी तालुक्याच्या गावी केमिस्ट्री शिकवते, मुलींच्या वसतिगृहाची रेक्टरही आहे. म्हणून उदाहरणं मुलींची. मुलांनाही हेच लागू.

हजेरीपटावर विसंबू नका. ७५ टक्क्यांखालच्यांची यादी लागते तोवर सत्र संपत आलेलं असतं. मेसच्या मावशी, लॅब अटेंडंट, ग्रंथालयातले काका यांना आधी कळतं. त्यांच्याशी रोज दोन शब्द बोलत जा. जर्नल नेटकं ठेवणारी अचानक कोरी पानं घेऊन येते, नवाकोरा कॅल्क्युलेटर मैत्रिणीला देऊन टाकते, "फॉर्म भरून काय करायचंय आता" म्हणते, तेव्हा तिच्याशी त्याच दिवशी बोला. बरेच दिवस उदास असलेली एकाएकी निवांत, हसतमुख दिसली, तरी लगेच हुश्श करू नका.

बोलायचं ते स्टाफरूममध्ये नाही. तिथे चहासोबत चार कान असतात. मी प्रॅक्टिकलनंतर थांबवून घेते, "ब्युरेट धुवायला मदत कर गं." हात कामात, नजर नळाकडे, अशा वेळी मुली बोलतात. "काय झालं?" विचारलंत तर "काही नाही मॅडम" हेच ऐकाल. दिसलं तेच सांगा : "सोमवारपासून तू मेसमध्ये आली नाहीस, आज टायट्रेशन अर्धवट टाकून उठलीस. मला काळजी वाटतेय." मग गप्प बसा. हे आम्हा शिक्षकांना सगळ्यात जड जातं.

संशय आला तर सरळ विचारा : "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो, हा गैरसमज आहे. "हो" म्हणाली तर काही ठरवलंय का, हेही विचारा. तिला एकटं सोडू नका. समुपदेशकाकडे "जाऊन ये" म्हणू नका, बरोबर चला. समुपदेशक नसेल तर टेलि-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, १४४१६ वर, तिच्यासमोरच फोन लावा. मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. जिवावरचं असेल तर ११२, नाहीतर थेट सिव्हिल हॉस्पिटल. पोलीस केस होईल म्हणून कुणी जीव द्यायचा प्रयत्न लपवत असेल तर सांगा : २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरतात, तिला उपचार द्यायचे असतात.

"कुणाला सांगणार नाही" असं वचन देऊ नका. "गरज असेल तेवढ्यांनाच सांगेन" म्हणा. घरी कुणाला कळवू, हे तिलाच विचारा. वडिलांचं नाव काढताच ती आकसली, तर मावशी किंवा मोठी ताई शोधा. आमच्याकडे बऱ्याच घरांत अशा फोनचा अर्थ "शिक्षण बंद, स्थळं बघा" असाच निघतो. मात्र जिवाला धोका असेल तर परवानगीची वाट बघायची नाही.

रॅगिंग असेल तर समजूत घालून मिटवायच्या भानगडीत पडू नका. लेखी तक्रार घ्या. राज्याच्या १९९९ च्या कायद्याप्रमाणे प्राचार्यांना सात दिवसांत चौकशी करावीच लागते. कुणी मारायच्या धमक्या देत असेल किंवा हातात काही असेल, तर वर्ग रिकामा करा आणि ११२. मध्ये पडू नका.

त्याच दिवशी नोंद लिहा : तारीख, काय दिसलं, ती काय म्हणाली, तुम्ही काय केलंत. "वेडसर वागते" ही नोंद नव्हे. स्टाफच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर अक्षरही नको.

पुढच्या आठवड्यात पुन्हा भेटा. सबमिशनची मुदत वाढवायचा अर्ज तुम्हीच पुढे करून सही आणा. ऑफिसच्या खिडकीत उभं राहून तिला कारण सांगायला लावू नका.