डॅपरचा होस्ट एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सनी कसा कॉन्फिगर करावा

डॅपर हा वितरित ॲप्लिकेशन्ससाठीचा ओपन सोर्स रनटाइम. मायक्रोसॉफ्टने तो २०१९ मध्ये जाहीर केला आणि २०२१ मध्ये त्याची १.० आवृत्ती आली. प्रत्येक ॲपच्या शेजारी तो आपली एक वेगळी प्रोसेस चालवतो. तिला साइडकार म्हणतात, प्रोग्रॅमचं नाव डॅपरडी. डेटा साठवणं, मेसेज पाठवणं, दुसऱ्या सर्व्हिसला कॉल करणं या सगळ्यासाठी ॲप लोकलहोस्टवर या साइडकारशी बोलतं.

म्हणजे एका ॲपमागे दोन प्रोसेस, आणि दोघींचं एन्व्हायर्नमेंट, म्हणजे सुरू होताना बाहेरून मिळणाऱ्या नाव-व्हॅल्यूंची (व्हेरिएबल्सची) यादी, स्वतंत्र. बहुतेक घोळ इथेच होतात: व्हेरिएबलचं नाव बरोबर असतं, व्हॅल्यूही बरोबर असते, फक्त ते भलत्याच प्रोसेसला दिलेलं असतं. म्हणून कुठलंही व्हेरिएबल लावण्याआधी ते ॲप वाचणार आहे की साइडकार, हे नक्की करा.

खाली नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टर्मिनलवर व्हेरिएबल्स रोमन कॅपिटल अक्षरांत, अंडरस्कोरने जोडून लिहायची. उदाहरणासाठी ‘ऑर्डर्स’ नावाचं ॲप घेऊ, ते ५००० पोर्टवर ऐकतं.

पायरी १: होस्ट तयार करा

डॉकर (प्रोग्रॅम ‘कंटेनर’ नावाच्या वेगळ्या कप्प्यांत चालवणारं साधन) चालू असताना ‘डॅपर इनिट’ चालवा. रेडिस (डेटा साठवण, पोर्ट ६३७९), झिपकिन (कॉल्सचा माग ठेवणारा, ९४११), आणि डॅपरचेच प्लेसमेंट आणि शेड्युलर असे कंटेनर उभे राहतात. होम डिरेक्टरीत डॉट-डॅपर फोल्डर तयार होतो आणि त्यात कंपोनंट्सच्या, म्हणजे डॅपर वापरतो त्या रेडिससारख्या सेवांच्या, यॅमल (सेटिंग्जच्या मजकुराच्या) फाइल्स येतात. प्लेसमेंटचा पोर्ट लिनक्स आणि मॅकवर ५०००५ असतो, विंडोजवर ६०५०. डेव्हलपरकडे विंडोज आणि सर्व्हरवर लिनक्स असेल तर हा आकडा स्क्रिप्टमध्ये कायमचा लिहून ठेवू नका.

पायरी २: पोर्ट

साइडकारचा एचटीटीपी पोर्ट ठरलेला ३५००, जीआरपीसीचा (कॉल करण्याची दुसरी पद्धत) ५०००१. पण ‘डॅपर रन’ला (ॲप आणि साइडकार एकत्र सुरू करणारी कमांड) पोर्ट सांगितला नाही, तर तो मोकळा दिसेल तो पोर्ट उचलतो आणि तोच आकडा डॅपर_एचटीटीपी_पोर्ट आणि डॅपर_जीआरपीसी_पोर्ट या व्हेरिएबल्समधून ॲपला देतो. त्यामुळे कोडमध्ये ३५०० लिहू नका, व्हेरिएबल वाचा. ३५०० लिहिलेला कोड साइडकारला तोच पोर्ट मिळाला असेल तरच चालतो, आणि त्याच मशीनवरच्या दुसऱ्या ॲपच्या साइडकारला तो पोर्ट मिळू शकत नाही.

डॅपरडी थेट चालवत असाल, उदाहरणार्थ डॉकर कंपोजमध्ये (अनेक कंटेनर एका फाइलमधून चालवणारं साधन), तर ही दोन व्हेरिएबल्स ॲपला देणारं कुणी नसतं. ती तुम्हीच ॲपच्या कंटेनरला द्या. शिवाय साइडकारला ॲपचंच नेटवर्क द्या, म्हणजे नेटवर्क मोडमध्ये ‘सर्व्हिस:ऑर्डर्स’ लिहा. नाहीतर दोघांचे लोकलहोस्ट वेगळे राहतात. असं नेटवर्क वाटून घेतलं असेल तर ॲपचा कंटेनर नव्याने बनवताना साइडकारही नव्याने बनवावा लागतो, कारण तो जुन्या नेटवर्कलाच चिकटून राहतो.

उलट दिशेचा पोर्ट, म्हणजे ॲपचा. साइडकारला ॲप-पोर्ट ५००० सांगितला आणि ॲप मात्र दुसऱ्याच व्हेरिएबलमधून ८००० वाचून तिथे बसलं, तर एरर येत नाही. साइडकार ५००० वर वाट पाहत थांबतो आणि लॉगमध्ये ॲप या पोर्टवर ऐकू लागेपर्यंत अडून राहीन अशा अर्थाची ओळ दिसते. ती ओळ दिसली की बाकी काही शोधू नका, आधी हे दोन आकडे जुळवा.

ऑफिसच्या नेटवर्कमध्ये आणखी एक अडचण येते. मशीनवर एचटीटीपी_प्रॉक्सी लावलेलं असेल, तर पायथनच्या रिक्वेस्ट्ससारख्या काही लायब्ररी लोकलहोस्टचा कॉलही प्रॉक्सीकडे पाठवतात. साइडकार शेजारीच असतो आणि ॲपला मात्र ५०२ किंवा टाइमआउट मिळतो. ॲपच्या एन्व्हायर्नमेंटमध्ये नो_प्रॉक्सी लावून त्यात लोकलहोस्ट आणि १२७.०.०.१ ही दोन्ही लिहा.

पायरी ३: टोकन

टोकन म्हणजे कॉलसोबत ओळख म्हणून पाठवायचा गुप्त शब्द. दोन टोकन आहेत आणि दोन्ही दोन्ही बाजूंना लागतात. डॅपर_एपीआय_टोकन साइडकारचं दार राखतं: ॲपने प्रत्येक कॉलमध्ये ‘डॅपर-एपीआय-टोकन’ या हेडरमधून ते पाठवायचं, नाहीतर ४०१ (‘परवानगी नाही’) मिळतो. ॲप_एपीआय_टोकन ॲपचं दार राखतं. साइडकार ॲपला कॉल करताना त्याच हेडरमधून ते पाठवतो, पण जुळतंय का हे तपासणं ॲपचं काम. तो तपास कोडमध्ये नसेल तर हे टोकन लावूनही काही सुरक्षा मिळत नाही.

शेलमध्ये एक्सपोर्ट करून ‘डॅपर रन’ चालवलं की दोन्ही प्रोसेसना व्हेरिएबल्स मिळतात, कारण दोघी त्याच शेलमधून सुरू होतात. मात्र पुढे सुडो (कमांड रूटच्या, म्हणजे पूर्ण अधिकाराच्या युजरच्या नावाने चालवणारा प्रोग्रॅम) लावलात तर सुडो एन्व्हायर्नमेंट साफ करतो आणि टोकन हरवतं. डॅपर रूट म्हणून चालवण्याची गरजच नाही. युजरला डॉकर ग्रुपमध्ये घातलं की काम भागतं, फक्त तो ग्रुप जवळजवळ रूटइतकाच अधिकार देतो हे लक्षात ठेवून विश्वासाच्याच युजरला घाला.

पायरी ४: कंपोनंटचे पासवर्ड

रेडिसचा पासवर्ड कंपोनंटच्या यॅमलमध्ये उघडा लिहू नका. तिथे ‘व्हॅल्यू’च्या जागी ‘एन्व्हरेफ’ लिहून व्हेरिएबलचं नाव द्या. कंपोनंट लोड करतो साइडकार, म्हणून हे व्हेरिएबल साइडकारला द्यायचं, ॲपला नाही. आणि नावाची सुरुवात डॅपर_ने करू नका. रनटाइमची स्वतःची गुपितं बाहेर पडू नयेत म्हणून त्या उपसर्गाची सगळी व्हेरिएबल्स आणि ॲप_एपीआय_टोकन इथून वाचता येत नाहीत. ‘रेडिस_पासवर्ड’सारखं साधं नाव ठेवा.

पायरी ५: मशीन रीस्टार्ट झाल्यावरही टिकेल असं करा

लिनक्स सर्व्हरवर सिस्टमडी (सर्व्हिसेस सुरू करून चालू ठेवणारा प्रोग्रॅम) वापरत असाल तर व्हेरिएबल्स युनिट फाइलमध्ये (सर्व्हिस कशी चालवायची ते सांगणारी फाइल) लिहिण्यापेक्षा वेगळ्या फाइलमध्ये ठेवा आणि एन्व्हायर्नमेंटफाइल या ओळीने जोडा. फाइलची मालकी रूटकडे, परवानगी ६००. प्रत्येक ओळीत नाव, बरोबरचं चिन्ह, व्हॅल्यू. पुढे ‘एक्सपोर्ट’ लिहायचं नाही, कारण ही शेल स्क्रिप्ट नाही. त्याच कारणाने डॉलर चिन्ह लावून दुसऱ्या व्हेरिएबलची व्हॅल्यू आत ओढता येत नाही. ॲप आणि साइडकारची युनिट्स वेगळी असतील तर टोकनची फाइल दोन्ही युनिट्सना जोडा.

होस्टला दोनतीन नेटवर्क कार्डं किंवा व्हीपीएन असेल तर साइडकारला डॅपर_होस्ट_आयपी जरूर द्या. ते नसेल तर डॅपर लूपबॅक (मशीनचा स्वतःपुरता पत्ता) सोडून सापडेल तो पहिला पत्ता घेतो, आणि तो व्हीपीएनचा निघाला तर दुसऱ्या मशीनवरची सर्व्हिस तुम्हाला गाठू शकत नाही.

पायरी ६: कुबरनेटिसवर

कुबरनेटिस अनेक मशीन्सवर कंटेनर चालवतं आणि एकत्र चालणाऱ्या कंटेनरच्या गटाला पॉड म्हणतं. इथे साइडकार आपोआप पॉडमध्ये घातला जातो आणि पोर्टची व्हेरिएबल्सही ॲपच्या कंटेनरला आपोआप मिळतात. पण तुमची स्वतःची व्हेरिएबल्स दोन वेगळ्या ठिकाणी जातात. कंटेनरच्या ‘एन्व्ह’ यादीत लिहिलेलं फक्त ॲपला मिळतं. साइडकारला द्यायचं ते पॉडच्या ‘डॅपर डॉट आयओ / एन्व्ह’ या ॲनोटेशनमध्ये (पॉडला जोडलेली नोंद), नाव-व्हॅल्यूच्या जोड्या स्वल्पविरामाने तोडून. ॲनोटेशन पॉडच्या टेम्प्लेटमध्येच हवं. डिप्लॉयमेंटच्या वरच्या मेटाडेटात लिहिलंत तर त्याचा काहीही परिणाम होत नाही आणि तक्रारही दिसत नाही.

टोकनसाठी सिक्रेट (कुबरनेटिसमधली गुपितांची नोंद) बनवताना त्यातल्या कीचं नाव ‘टोकन’ ठेवा. बेस६४ हाताने करत असाल तर ‘इको’ला ‘-एन’ लावा. नाहीतर शेवटी नवीन ओळीचं अदृश्य अक्षर चिकटतं, दोन्हीकडचं टोकन डोळ्यांना सारखं दिसतं आणि तरी ४०१ येत राहतो.

पायरी ७: खात्री करा

साइडकारच्या पोर्टवर ‘/व्ही१.०/हेल्थझी’ला कर्लने कॉल करा. सगळं ठीक असेल तर २०४ येतो. मग ‘/व्ही१.०/मेटाडेटा’ बघा, लोड झालेले कंपोनंट्स तिथे दिसतात. टोकन लावलं असेल तर या कॉलमध्ये ते हेडरमधून द्या.

तरी शंका असेल तर थेट प्रोसेसलाच विचारा. लिनक्सवर प्रोक फोल्डरमध्ये प्रोसेसच्या नंबराखाली ‘एन्व्हायरॉन’ फाइल असते. तिथे ती प्रोसेस सुरू झाली तेव्हाची व्हेरिएबल्स असतात, शून्य अक्षराने तोडलेली, म्हणून ‘टीआर’ने त्यांच्या नवीन ओळी करून वाचा. ॲपची आणि डॅपरडीची, दोन्ही फाइल्स शेजारी ठेवून बघा. तिथे टोकनही उघडं दिसतं, म्हणून हा आउटपुट चॅटवर किंवा तिकिटात चिकटवू नका.

व्हॅल्यू बदललीत तर दोन्ही प्रोसेस रीस्टार्ट करा. चालू प्रोसेसला नवं एन्व्हायर्नमेंट बाहेरून मिळत नाही. कुबरनेटिसवर सिक्रेट बदलल्यावरही ‘रोलआउट रीस्टार्ट’ द्यावाच लागतो.