अंबाडीचा चहा आणि पेट्रोलची वाफ: या चुका टाळा

मिरजेत माझं सुक्या मालाचं छोटं दुकान आहे. थंडीत लाल अंबाडीची बोंडं येतात, ती सोलून, वाळवून विकते. हल्ली गॅरेजवाले, पंपावरची पोरं विचारत येतात, "मावशी, पेट्रोलचं विष उतरवणारा चहा तो हाच ना?" माल माझाच, तरी सांगते: नाही.

ही चर्चा निघाली उंदरांवरच्या प्रयोगांतून. पेट्रोलच्या वाफेत ठेवलेल्या उंदरांना अंबाडीचा अर्क दिला, तर इजा काहीशी कमी दिसते. पेट्रोलमधलं बेंझिन यकृतात फुटताना शरीरात जी जाळपोळ करतं, तिला बोंडांतली लाल रंगद्रव्यं थोडा आवर घालत असावीत, असा तर्क. पण तो अर्क घट्ट, वजनावर मोजून दिलेला, आणि पिणारे उंदीर. आपला कपभर चहा तिथं कुठं बसतो? बेंझिननं माणसाला रक्ताचा कर्करोग होतो हे सिद्ध आहे. २०२० पासूनच्या बीएस-६ (सरकारी प्रदूषण-मानकाच्या) पेट्रोलातही ते १ टक्क्यापर्यंत चालतं. चहा प्यायला म्हणून शटर अर्धं ओढून कार्बोरेटर धुवायला बसू नका. ही वाफ हवेपेक्षा जड, खाली साचते. आणि गॅरेजातली पोरं कामाला बसतात ती खालीच. शटर पूर्ण वर, पंखा बाहेरच्या दिशेनं. तोंडाला रुमाल बांधून वाफ अडत नाही.

दुसरी चूक मला खरंच संताप आणते. नळी तोंडात धरून पेट्रोल ओढणं. कुपवाड रोडच्या एका गॅरेजातलं पोरगं असंच ओढत होतं, घोटभर पोटात गेलं. उस्तादानं मिठाचं पाणी पाजून, घशात बोटं घालून उलटी काढली, वर अंबाडीचा कडक काढा पाजला. बोंडं माझ्याच दुकानातली. पोरगं खोकत सुटलं, रात्री ताप, छातीत घरघर, ॲडमिट. पेट्रोल पातळ असतं. उलटीबरोबर वर येताना श्वासनलिकेत उतरतं आणि फुप्फुसाला सूज आणतं. पोरगं वाचलं. उस्ताद अजून म्हणतो, काढा कमी पडला! असं झालं तर उलटी काढायची नाही, पोरगं खोकत असताना काही पाजायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. आणि मुळात रबरी फुग्याची नळी हार्डवेअरच्या दुकानात मिळते, ती घ्या की.

पेट्रोलनं हात धुणं बंद करा, कातडीतूनही ते आत जातं. साबण कशाला आहे?

जास्वंद म्हणजे अंबाडी नव्हे. भाऊबंद आहेत, पण बागेतली फुलं उकळून माझ्याकडे तक्रार घेऊन येऊ नका.

अंबाडी आंबट, म्हणून अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा कल्हई नसलेल्या पितळेच्या पातेल्यात ती उकळू नये. मी स्टीलच्या पातेल्यात दोन कप पाण्याला उकळी आणते, सात-आठ पाकळ्या टाकते, गॅस बंद करून झाकून ठेवते. ज्यांना घाई असते ते खळाखळा उकळतात, मग रंग मळकट होतो आणि चव तुरट.

बीपीची गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारूनच प्या, कारण अंबाडीनं बीपी आणखी उतरू शकतं. पोटुशीनं टाळावा.

पंपावर, गॅरेजात रोज काम असेल तर डॉक्टरांना तसं सांगून अधूनमधून सीबीसी, म्हणजे रक्तपेशी मोजायची तपासणी, करून घ्या. मिरजेत लॅबांना काय तोटा?